सोळा आणे पीक

ज्वारीचं कणीस हाती आलं की मामा आधी ते उजेडाकडे धरत. मग अंगठ्याने थोडे दाणे डाव्या तळहातावर मोडून घेत, उजव्या तळहाताने चोळत आणि एक फुंकर मारत. फुंकर जोराची नसे. लेकराच्या डोळ्यात कुसळ गेलं तर आई मारते तेवढीच. कोंडा उडून जाई. उरलेल्या दाण्यांकडे ते क्षणभर बघत, त्यातले दोन तोंडात टाकत आणि चावता चावता आकडा सांगत.

"धा."

किंवा "साडेआठ." साल वाईट असलं तर आधी नुसतंच "हं," आणि जरा वेळाने, जणू आपल्याच हातून काही सांडलं असावं अशा आवाजात, "पाच."

तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळच्या तालुक्याच्या कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना हा आकडा कसला ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मुलखात किती पिकलं हे सरकारला दरसाल कळावं लागतं. प्रत्येक वावराचं धान्य तोलत बसायला कोणाला वेळ नाही, म्हणून पिकाला रुपया समजायचं. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं आलं तर आठ. याला आणेवारी म्हणत.

मी कचेरीत मुनशी म्हणून नवा होतो तेव्हा मामांना विचारलं होतं, "मामा, सोळा कधी सांगणार?"

"सोळा आणे पीक पाह्यलेला माणूस आणा, मुनशीजी. त्याला इचारतो अन् सांगतो."

त्यांच्या तोंडून बाराच्या वर आकडा मी कधी ऐकला नाही.

मामा हे कोणी अंमलदार नव्हते. ते गिरदावराचे चपराशी होते, सगळी कचेरी त्यांना मामा म्हणे. गिरदावर म्हणजे वीसेक गावांच्या पटवाऱ्यांवर देखरेख करणारा माणूस. आणेवारी ठरवायची ती त्याने, पिकात स्वतः फिरून. आमच्याकडे जे गिरदावर आले त्यांतल्या बहुतेकांना उन्हाची बाधा व्हायची. ते बाभळीखाली छत्री उघडून बसत, पान लावत, आणि मामा वावरात शिरत. थोड्या वेळाने मामा येऊन आकडा सांगत आणि गिरदावर तो आपल्या वळणदार उर्दूत, म्हणजे संस्थानाच्या दरबारी भाषेत, लिहीत. दर दोन-तीन वर्षांनी गिरदावर बदले. छत्री बदले. आकडे त्याच एका हातातून येत.

तो आकडा माझ्याकडे येई. मी तालुक्याची बेरीज करून जिल्ह्याला पाठवी, जिल्हा सुभ्याला, सुभा राजधानीला. तिथे त्याचं जाड पुस्तक छापलं जाई आणि ते पुस्तक पुढे कुठे कुठे जाई देव जाणे. मोठमोठी माणसं ते उघडून मुलूख श्रीमंत की गरीब यावर भाषणं करीत. त्या सगळ्या भाषणांच्या मुळाशी एका धनगराचा तळहात होता आणि त्या धनगराला सही येत नव्हती. पगाराच्या पत्रकावर तो अंगठा उठवी. कणसं मोडून मोडून त्या अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, त्यामुळे पत्रकावर नुसता काळा ठिपका पडे. खजिनदार दर महिन्याला कुरकुरत असे.

त्यांचं घर कनेरगावच्या बाजूचं. भाऊ मेंढरं राखत. सुगी संपली की शेतकरी कळप आपल्या रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून, आणि बदल्यात मेंढक्याला दाणे देतात. मामांचं लहानपण असं दुसऱ्यांच्या वावरांत निजून गेलं होतं. कोणत्या शिवारात काळी किती हात खोल आहे, कुठे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, हे त्यांच्या पाठीला माहीत होतं. कोणी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं तर ते ओशाळत.

"हात बोलतो, मुनशीजी. आपुन नुसतं ऐकायचं."

बायको लवकर गेली. एकच लेक, ती साखऱ्याला दिलेली. लग्नानंतर बरीच वर्षं तिला मूल नव्हतं. झालं तेव्हा मुलगी झाली. मामा गुळाची ढेप घेऊन कचेरीत आले आणि तहसीलदार साहेबांपासून पाणी भरणाऱ्या भिस्त्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी एकेक खडा वाटला. साहेबांनी तो दोन बोटांत धरला आणि कुठे ठेवावा हे न कळून दौतीच्या झाकणावर ठेवला. साहेबांच्या टेबलावर तीन दौती होत्या. एक काळ्या शाईची, एक लाल आणि एक रिकामी. रिकामी सर्वांत मोठी होती.

त्याच सुमारास एक तरुण प्राध्यापक आमच्याकडे आला. सबंध देशाचं वर्षाचं उत्पन्न किती, हे शोधायला तो निघाला होता. बरोबर छापील तक्त्यांचा गठ्ठा. दोन दिवस माझ्याशेजारी बसून त्याने आमचे आकडे उतरवून घेतले. तो ते इतक्या श्रद्धेने उतरवत होता की मला राहवेना. तिसऱ्या दिवशी मी त्याला आवारातल्या लिंबाखाली नेलं आणि मामांपुढे बसवलं. नदी बघितली तर उगमही बघावा.

"हे सायब काय करून राहिले?" मामांनी मला विचारलं.

प्राध्यापकच उत्तरला. "देशात वर्षभरात जे पिकतं, जे तयार होतं, त्याची सगळ्याची बेरीज करतोय."

"ल्हा मंग," मामा म्हणाले आणि सांगायला लागले. कापूस, ज्वारी, तूर, लोकर. वावरात बसवलेल्या मेंढरांबद्दल मिळणारे दाणे. प्राध्यापक आनंदाने लिहीत होता. मग मामा म्हणाले, "माझी लेक रोज पहाटं दोन शेर दळती. ते कुठं ल्हेलं?"

"ते घरचं काम, मामा. ते धरत नाहीत. दुसऱ्याचं दळून दिलं, त्याचं काही मिळालं, तर धरतात."

"इकलं न्हाई म्हंजे दळलंच न्हाई?"

प्राध्यापकाने चष्मा काढून पुसला. "शास्त्रात तसंच आहे."

"बरं. बेरीज झाल्यावर काय करता?"

"जेवढी माणसं आहेत त्या संख्येने भागायचं. म्हणजे माणशी किती ते निघतं. त्याला दरडोई उत्पन्न म्हणतात."

मामांना हा शब्द फार आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. "म्हंजे ज्याच्या घरी काहीच न्हाई, त्याच्या डोईवरबी तेवढंच पडतं?"

"कागदावर पडतं."

"बरं हाय. कागदावर तरी पोटभर जेवला." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "आन् एक डोई वाढली तर?"

"तर सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं कमी येतं."

मामा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "अवो मुनशीजी, ऐकलं का? माझ्या नातीनं येऊन साऱ्या मुलकाचं उत्पन्न खाली आनलं!"

पुढे महिनाभर ते ही बातमी सांगत हिंडले. कळमनुरीच्या बाजारात भेटलेल्या अनोळखी माणसांनाही सांगितली. एवढासा जीव, अजून मान धरत नव्हता, आणि हिशेबाच्या एवढ्या मोठ्या पुस्तकात त्याने फरक पाडला होता. आजोबाला अभिमान वाटू नये तर काय.

नात तीन वर्षांची होईपर्यंत साखऱ्याच्या आणेवारीत तिचा मान ठरून गेला. मामा दाणे चोळून हात खाली धरत आणि फुंकर ती मारी. गाल फुगवून, डोळे मिटून, सगळा जीव लावून. कोंड्याबरोबर दाणेही उडत.

"झालं!" मामा म्हणत. "साखऱ्याचं पीक गेलं. आता सरकारला काय सांगू, मावशे?"

आणि दुसरं कणीस मोडत.

मग लढाई आली. लढाई आमच्यापासून फार लांब होती, पण तिला भूक होती आणि ती आमच्यापर्यंत पोचली. सरकारने धान्याची लेव्ही बसवली. ज्या गावात जेवढं पिकलं, त्या मानाने ज्वारी सरकारजमा करायची. आजवर आणेवारीचा आकडा पुस्तकात जाऊन झोपत असे. आता तो बैलगाड्या घेऊन परत गावात येऊ लागला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या तालुक्यात इतर गिरदावरांच्या हद्दींत आठ आण्यांचं पीक सहा लिहायची जुनी रीत होती. पाटील-पटवारी गिरदावराला हुरडा खाऊ घालत, दोन शब्द बोलत, आणि आकडा दोन पायऱ्या खाली उतरे. यात कोणाला पाप वाटत नसे. एका मामांच्या हद्दीत तेवढा आकडा पिकाएवढाच असे. कचेरीत त्यांना गमतीने 'खरा तराजू' म्हणत. गमतीने म्हणत हे लक्षात घ्या.

वरच्या कचेरीतल्या हुशार माणसांना ही रीत माहीत होती. लेव्हीच्या वर्षी सुगीच्या तोंडावर एक सीलबंद लखोटा आला. वर लाल शाईत 'बसीगे राज', म्हणजे गुप्त. आत लिहिलं होतं की गावकरी पीक नेहमी कमी सांगतात असा अनुभव असल्याने आलेल्या प्रत्येक आकड्यात एकतृतीयांश भर घालावी. सहाचे आठ करावेत, नवाचे बारा. हा हुकूम गावात कोणालाही कळू नये. साहेबांनी तो मला वाचायला लावला, ऐकून मान डोलावली आणि लखोटा स्वतः कुलपात ठेवला. मला त्या दिवशी, खरं सांगतो, आपण कोणीतरी झालो असं वाटलं. लाल शाईतलं गुपित माझ्या वाट्याला प्रथमच आलं होतं.

त्या वर्षी साखऱ्याच्या ज्वारीवर काणी पडली होती. काणी पडली की दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. कणीस लांबून चांगलं दिसतं, हातात घेतलं की हात काळा. लेव्हीचं काम म्हणून मीही गिरदावराबरोबर गेलो होतो. गिरदावर बाभळीखाली बसले. वावराच्या कडेला पाटील, चार-पाच शेतकरी, मामांची लेक आणि तिच्या कडेवर नात.

पाटील मामांना हाताला धरून बाजूला घेऊन आला, म्हणजे माझ्या अगदी जवळ. "मामा, तुमची लेक हाय ह्या गावात. चार म्हना."

मामांनी कणीस मोडलं, चोळलं, हात खाली धरला. नात खाली उतरली आणि तिने फुंकर मारली. काळी भुकटी तिच्याच नाकातोंडात गेली. ती शिंकली. सगळे हसले, मामाही. मग त्यांनी तळहाताकडे पाहिलं आणि दुसऱ्या वावरात गेले, मग तिसऱ्या. दोनतीन तास ते फिरत होते. परत आले तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत काळे.

"सहा," ते म्हणाले.

"सहा?" पाटील ओरडला. "अवो, डोळे फुटले का तुमचे? काणी दिसून न्हाई राहिली?"

"दिसली म्हनून सहा. नसती तर धा व्हते."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "चार म्हना ना. साऱ्याच गावचे लोक कमी म्हनतेत."

"त्याह्यच्या हातावर तेवढं असंल, बाई. माझ्या हातावर सहा हाय. सहा आण्याचं पीक हाय, सहाची लेव्ही द्या. तरी खाऊन पुरतंय तुमाला. म्या बराबर पाह्यलं."

आणि हे खरं होतं. सहाची लेव्ही देऊन साखऱ्याला पुरलं असतं. मामांनी पीक पाहिलं होतं तसंच गावातली खाणारी तोंडंही मोजली होती.

मी तिथे तीन हात अंतरावर उभा होतो. मला माहीत होतं की हे सहा सहा राहणार नाहीत. 'मामा, साडेचार म्हणा,' एवढंच बोलायचं होतं, म्हणजे भर पडून सहाच झाले असते. कारण सांगायचीही गरज नव्हती. माझ्या तोंडात गिरदावरांनी दिलेलं पान होतं. मी ते चघळत राहिलो. गप्प का बसलो याची कारणं शोधायला पुढे मला पुष्कळ वर्षं मिळाली, त्यांतलं एकही धड निघालं नाही.

चार दिवसांनी मी माझ्या चांगल्या अक्षरात साखऱ्यापुढे आठ लिहिले. इतर हद्दींत सहाचे आठ झाले तेव्हा ते खऱ्याला येऊन मिळाले. चुकले ते फक्त जिथे खरं सांगितलं होतं तिथले. लाल शाईच्या हुकुमाने सबंध तालुक्यात एवढंच साधलं.

पौषात गाड्या गेल्या. साखऱ्याची पेवं उघडली गेली. जमिनीतल्या त्या धान्याच्या विहिरींत माणसं उतरवून तळ झाडून घेतला. बियाण्याची ज्वारी गेली. धान्याचे पैसे मिळाले, मिळाले नाहीत असं नाही. पण ते घेऊन बाजारात गेलं तर बाजारात ज्वारी नव्हती. तीही लेव्हीत गेली होती.

मामा कचेरीत आले तो दिवस मला आठवतो. पट्टा नीट बांधलेला, बिल्ला घासलेला. ते सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"सायब, साखऱ्याचे मी सहा म्हनलो व्हतो. आठ कोनी केले?"

साहेबांनी गिरदावराकडे पाहिलं. गिरदावरांनी छताकडे. साहेब म्हणाले, "आनेवारी तुम करते क्या? चपराशी लोगां कबसे आनेवारी करने लगे?"

मामा बुचकळ्यात पडले. इतकी वर्षं हे काम कोण करतं याचा विचार करायची त्यांना कधी वेळच आली नव्हती.

"आनेवारी गिरदावर साब करते," साहेबांनी समजावून सांगितलं. "तुम कनीस लाके देते. समझे? जाव."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी दौतीत टाक बुडवला. नको तेवढा वेळ तो बुडवून ठेवला.

उन्हाळ्यात साखऱ्याची निम्मी घरं वाशीमच्या बाजूला कामाला गेली. लेकीचं घर गेलं नाही, कारण सासू अंथरुणावर होती. मामा आपला पगार आणि भावांकडून मिळतील ते दाणे पोचवत राहिले. पण त्या घरात सहा तोंडं होती आणि भावांच्या मेंढरांबद्दलही त्या वर्षी कोणी दाणे देत नव्हतं. वैशाखात लेकरू आजारी पडलं. ज्येष्ठ लागता लागता गेलं.

गावाच्या मृत्यूच्या नोंदी माझ्याकडे येत. पटवाऱ्याने कारण लिहिलं होतं, 'ताप'. तो तरी काय करणार. छापील तक्त्यात भुकेचा रकानाच नव्हता.

मामा बारा दिवसांनी कामावर आले. लिंबाखाली नेहमीच्या जागी बसले. मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, जे मी आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी तांब्या घेतला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

"मुनशीजी, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्या चष्म्याच्या सायबानं सांगतलं व्हतं. डोई वाढली तर साऱ्याइचा वाटा कमी येतो म्हनून." त्यांनी तांब्या बाजूला सारला. "मंग डोई कमी झाली तर दरडोई वाढत असंल न्हाई?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं हे तुम्हीच सांगा. मी म्हणालो, "हो, मामा. वाढतं."

"हां," ते म्हणाले. "म्हंजे तिनं खाली आनलं व्हतं ते परत वर नेऊन ठिवलं."

तेव्हा मी त्यांना लखोट्याचं सांगितलं. सगळं सांगितलं. एकतृतीयांश, लाल शाई, बाभळीखालचं पान. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमाला त्या दिशी ठावं व्हतं?"

"होय."

त्यांनी आपला डावा तळहात उघडून समोर धरला. मग म्हणाले, "तुमी सांगतलं असतं तर म्या साडेचार म्हनलो असतो का? हेच इचार करून राहिलो. हात सहा म्हनत व्हता." त्यांनी हात मिटला. "पोरगीबी म्हनत व्हती ना, चार म्हना. ती तर बोलली व्हती. तुमी न्हाई बोलले, पन ती बोलली व्हती."

त्यांनी मला मोकळं केलं नाही आणि दोषही दिला नाही. माझा वाटा माझ्याकडे ठेवून ते त्यांचा घेऊन बसले.

त्या वर्षीचं जाड पुस्तक छापून आलं तेव्हा आमच्या तालुक्याची परिस्थिती सुधारल्याचं त्यात दिसत होतं.

पुढच्या सुगीत मामा गिरदावराबरोबर गेले, पण साखऱ्यात त्यांना कोणी हुरडा दिला नाही. मान म्हणून पाटलाच्या रानात आणेवारीच्या माणसांसाठी आगटी पेटत असे, ती पेटली. गिरदावरांना पळसाच्या पानावर गरम हुरडा आला, मला आला. मामांसमोरून पान तसंच पुढे गेलं. ते उठले, वावरात शिरले, कणीस मोडलं, चोळलं, फुंकर मारली. आम्ही थांबलो.

"कितना बोले?" गिरदावरांनी विचारलं.

"हात बोलून न्हाई राहिला, सायब."

"मतलब?"

"तुमीच ल्हा. आनेवारी गिरदावर सायब करतेत."

गिरदावरांनी आकडे लिहिले. बसल्या जागेवरून, छत्रीखालून, जे सुचतील ते. त्या वर्षीपासून सगळे आकडे तसेच गेले. वरच्या कचेरीला काही फरक कळला नाही.

नंतर मामांनी नोकरी सोडली. पट्टा आणि बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला, पत्रकावर शेवटचा काळा ठिपका उठवला आणि भावांच्या कळपाबरोबर निघून गेले. मग संस्थानाचे शेवटचे ते वाईट महिने आले. कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढे फौज आली, राज्य बदललं. आमच्या कचेरीवरचं निशाण बदललं, साहेब बदलले, टेबलावरची रिकामी दौत मात्र नव्या साहेबांनाही आवडली.

त्याच वर्षी मार्गशीर्षात नवे अंमलदार साखळी, खुंट्या आणि तागडी घेऊन साखऱ्याला आले. नजरेचा अंदाज आता चालणार नव्हता. वावराचा एक तुकडा मोजून आखायचा, तेवढीच ज्वारी कापायची, मळायची आणि दाणे तोलायचे. चांगली पद्धत होती. लखोट्याला त्यात जागा नव्हती, निदान त्या दिवशी तरी दिसली नाही. गाव दाखवायला मला बरोबर घेतलं होतं.

आखलेला तुकडा मामांच्या लेकीच्या वावरात आला. ती बांधावर उभी होती. मी ओळखलं, तिनेही ओळखलं.

"मामा कुठे असतात?" मी विचारलं.

"बाबा गेले औंदा, चैतात. वाशीमकडं मेंढरं बसली व्हती एकाच्या वावरात, तिथंच. सकाळी उठलेच न्हाईत."

 समोर मजूर खुंट्या ठोकून दोरी ताणत होते. ज्वारी त्या साली चांगली होती. दाणा पांढरा, टपोर. तिने बोलता बोलता आखलेल्या दोरीच्या आतलं एक कणीस ओढलं. ते उजेडाकडे धरलं. अंगठ्याने थोडे दाणे तळहातावर मोडले, दुसऱ्या हाताने चोळले आणि एक फुंकर मारली. जोराची नाही, तेवढीच. मी सगळं विसरून तिच्या हाताकडे पाहत होतो. त्या हाताला माहीत होतं, हे मला दिसत होतं.

"किती?" माझ्या तोंडून गेलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू एकेक बोट दुमडत मूठ मिटली.

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

आणि मूठ तोंडात रिकामी करून ती सावकाश चावत उभी राहिली. अंमलदारांनी तागडी उचलली, ज्वारी तोलली आणि आकडा मोठ्याने सांगितला. मी तो लिहून घेतला. तेवढे दाणे त्यात नाहीत.